मुमताजची मैत्रीण

१७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात एक बाळंतीण गेली. वय अडतीस. बाळंतपण चौदावं. तीस तास कळा चालल्या, मुलगी झाली, आणि आई हाताला लागली नाही. जगाला ही हकीकत आग्र्याच्या संगमरवरापासून माहीत आहे. मी बऱ्हाणपूरची, आणि माझी उभी नोकरी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून झाली. त्यामुळे मला ती खाटेच्या बाजूने दिसते. उशाशी कोण होतं? बाळाला कुणी घेतलं? घरातल्या बाकीच्या मुलांकडे कुणी पाहिलं?

बाकीची मुलं लहान नव्हती, पण मोठीही नव्हती. जहानआरा सतरा वर्षांची, दारा सोळाचा. शुजाला पंधरावं पुरं व्हायला आठवडा उरला होता. रोशनआरा तेरा वर्षांची, औरंगजेब बाराचा, मुराद सहाचा. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणं, त्यांतली सात मुलं हाती लागली. औरंगजेब दाहोदला झाला, मुराद रोहतासच्या किल्ल्यात, रोशनआरा इथे बऱ्हाणपुरात. नवरा मोहिमेवर निघाला की ही सोबत निघायची, पोटात मूल असलं तरी.

आणि तिच्यासोबत सतीउन्निसा खानम असायची. हे नाव आमच्या गावात फार थोड्यांना माहीत आहे. ती इराणमधल्या माझंदरान प्रांतातल्या आमुलची. तिचा भाऊ तालिब आमुली जहांगीरच्या दरबारचा राजकवी होता. नवरा वारल्यावर ती मुमताजच्या सेवेत आली आणि हळूहळू सगळा जनानखाना तिच्या हातात आला. मुमताजची मोहर तिच्याकडे असे. ती कुराण उत्तम वाचायची, फारसी वाङ्मय जाणायची, वैद्यकही जाणायची. जहानआराला तिनेच शिकवलं. गावोगावच्या निराधार बायका, हुंड्यावाचून अडलेल्या पोरी तिच्यापर्यंत पोहोचत. ती त्यांचं गाऱ्हाणं मुमताजच्या कानावर घाली, मुमताज बादशहाच्या कानावर घाली, आणि कुणाला जमीन, कुणाला तनखा, कुणाला लग्नाचा खर्च मिळे. सतीउन्निसाला स्वतःचं मूल नव्हतं. भाऊ वारल्यावर त्याच्या दोन मुली तिने पोटच्या म्हणून वाढवल्या. जदुनाथ सरकारांनी या बाईवर एक स्वतंत्र लेख लिहिला म्हणून ती निदान इतिहासाच्या पुस्तकात तरी राहिली.

दरबारी बखरकार तिला चाकर म्हणतात. मी तिला मैत्रीण म्हणते, कारण पुढे ती जे वागली ते चाकरीच्या हिशेबात बसत नाही.

मला हे माझी आपा गेली तेव्हाच कळलं. आपा आमच्या प्रसूतिगृहात दाई होती, मोमीनांच्या विणकर घरातली. नवरा पॉवरलूमवर. माझ्याशी ती खानदेशी वळणाच्या मराठीत बोले, मला ताई म्हणे, आणि तिची मुलं मला खाला म्हणतात. अवघड बाळंतपण आलं, बाईचं अंग गार पडायला लागलं, की आपा बाह्या सारून पुढे व्हायची आणि पुटपुटायची, ‘‘बादशहाच्या बायकोला नाही वाचवता आलं, हिला वाचवू.’’ बाहेरचा कुणी ऐकता तर त्याला वाटलं असतं, मुमताज परवा गेली. गेल्या पावसाळ्यात आपा गेली. तिच्या चाळिसाव्याला तिच्या घरी बसले असताना शेजारची एक बाई म्हणाली, ‘‘मुलांची अम्मी गेली.’’ मुलांची अम्मी गेली हे खरंच, पण माझीही कुणीतरी गेली होती, आणि त्या नात्याला सुतक नाही, इद्दत नाही, काहीच नाही. घरी आल्यावर मी सतीउन्निसाविषयी जे मिळेल ते वाचायला घेतलं.

१६३० साली बऱ्हाणपूर कसं होतं ते आधी सांगायला हवं. खानजहान लोदीचं बंड मोडायला आणि दख्खनच्या सुलतानांवर चाल करायला शाहजहान त्या वर्षीच्या मार्चमध्ये इथे येऊन राहिला. त्याच वर्षी पाऊस गेला. गुजरात आणि दख्खन या दोन्हीकडे दुष्काळ पडला. काही महिन्यांपूर्वीच तिकडे शिवनेरीवर जिजाऊ बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सगळा मुलूख भुकेने होरपळत होता. सुरतेहून आग्र्याला निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस बऱ्हाणपूरवरून गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांविषयी त्याने लिहून ठेवलं आहे. शाहजहानने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम दिला. वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले गेले. त्या दुष्काळात या गावात मुमताजखेरीज किती बाळंतिणी गेल्या असतील! उपाशी बाईच्या अंगात रक्त नसतं, आणि रक्त नसलेली बाई बाळंतपण सोसत नाही. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. मुमताजचा विचार करताना मी त्यांना वेगळं काढू शकत नाही.

मुमताजला मात्र अन्नाची ददात नव्हती. तिच्या हाताशी हकीम होता: अलीमुद्दीन, म्हणजेच वझीरखान. लाहोरची वझीरखान मशीद पुढे यानेच बांधली. तरी उपाय चालला नाही. ज्या बाईची इतकी बाळंतपणं झालेली असतात तिच्या गर्भाशयाचे स्नायू थकलेले असतात. त्यात तीस तासांच्या कळा. बाळ बाहेर येतं, वार पडते, पण गर्भाशय आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. आज आम्ही ऑक्सिटोसिनची सुई देतो, पोट चोळतो, रक्त चढवतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात व्हावं लागतं. १६३१ साली जगातल्या कुठल्याही राजवाड्यात ना ही सुई होती, ना रक्त चढवणं. शेवट जवळ आल्याचं कळल्यावर मुमताजने जहानआराला पाठवून बादशहाला बोलावून घेतलं आणि मुलं त्याच्या हवाली केली.

जन्मली ती गौहरआरा. आपा मला नेहमी विचारायची, ‘‘ताई, ती पोर जगली का?’’ जगली, चांगली म्हातारी होऊन १७०६ मध्ये दिल्लीत वारली. मी हे सांगितलं तेव्हा आपा इतकी खूश झाली, जणू नाळ तिनेच कापली होती.

मुमताजला तापीच्या पलीकडे जैनाबादेत पुरलं. बऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही दोन्ही नावं खुलताबादेत विसावलेल्या दोन सूफी संतांची, बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांची. फारुकी सुलतानांनी तापीच्या दोन काठांना ती दिली. जैनाबादेत आहूखाना नावाची शाही बाग होती, हरणं राखलेली. त्या बागेतल्या इमारतीत मुमताजला ठेवलं. शाहजहान आठवडाभर दरबारात आला नाही. नवव्या दिवशी तो नदी ओलांडून कबरीवर गेला, आणि बऱ्हाणपुरात होता तोवर दर शुक्रवारी जात राहिला. त्याने पांढरे कपडे धरले. ती बुधवारी गेली होती म्हणून बुधवारी गाणं-बजावणं बंद झालं. त्याआधी त्याच्या दाढीत मोजके पांढरे केस होते, थोड्याच दिवसांत सगळी दाढी पिकली, असं त्याचे इतिहासकार लिहितात. या दुःखाबद्दल मला शंका नाही.

आमच्या गावात एक गोष्ट सांगतात, की ताजमहाल इथेच तापीच्या काठी व्हायचा होता, पण जमीन भुसभुशीत निघाली, वाळवी निघाली, पाण्यात प्रतिबिंब नीट पडेना, म्हणून तो आग्र्याला गेला. पर्यटकांना ही गोष्ट आवडते. मला ती पटत नाही. सहा महिन्यांच्या आत मय्यत आग्र्याकडे निघाली, ती तिथे पोहोचताच यमुनेकाठच्या जागेत दफन झाली. मकराण्याचा संगमरवरही आग्र्याच्याच बाजूला. बऱ्हाणपूर ही पहिल्यापासून अमानतीची जागा होती. शाही घराण्यातली माणसं इथे दख्खनच्या मोहिमेत मरत, त्यांना काही काळ इथल्या मातीच्या हवाली करत, मग उत्तरेला नेत. जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो १६२२ मध्ये इथे शाहजहानच्याच कैदेत मेला. त्याला शेवटी अलाहाबादेत त्याच्या आईशेजारी पुरलं. परवेझ १६२६ मध्ये इथे मेला, त्याचीही मय्यत आग्र्याला गेली.

मुमताजला पुरलं ती आग्र्याची जागा मिर्झाराजा जयसिंगाच्या घराण्याची होती, बदल्यात त्याला चार हवेल्या मिळाल्या. पुरंदरचा तह करणारा हाच जयसिंग. तोही १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच वारला. त्याची छत्री तापीकाठी उभी आहे आणि मराठी माणूस इथे आला की आधी तिकडे वळतो. जरूर वळावं. पण मग जैनाबादेलाही जावं.

डिसेंबर १६३१ मध्ये मुमताजची मय्यत जैनाबादेहून हलली. सोबत पंधरा वर्षांचा शुजा, हकीम वझीरखान आणि सतीउन्निसा खानम. बादशहा मागे बऱ्हाणपुरातच राहिला, लढाई संपली नव्हती. जहानआरा वडिलांजवळ राहिली. म्हणजे या बाईचं शेवटचं चालणं ज्यांच्यासोबत झालं ते एक पोरगं, एक वैद्य आणि एक मैत्रीण. सातपुड्याच्या घाटातून नर्मदेपलीकडे, माळव्यातून ग्वाल्हेरकडे, भर थंडीत, दुष्काळाने उजाड झालेल्या मुलखातून. वाटेत गोरगरिबांना अन्न आणि नाणी वाटत ते गेले. जानेवारी १६३२ मध्ये आग्र्याला पोहोचले. ज्या हातांनी वर्षानुवर्षं मुमताजच्या वतीने दान दिलं होतं, तेच हात आता तिच्या मय्यतीच्या वाटेवर देत होते. ही वाट मी नकाशावर अनेकदा बोटाने चालले आहे. मुक्कामाला तंबू पडल्यावर सतीउन्निसाने त्या पोराला जेवायला लावलं असेल, एवढं मी खात्रीने समजते. मय्यतीच्या घरात कुणीतरी मुलांना जेवायला लावतंच, आणि ती बहुधा आईची मैत्रीण असते.

त्यानंतर तिने काय केलं हे मला त्या प्रवासाइतकंच मोलाचं वाटतं. दाराच्या लग्नाची तयारी मुमताजने हयातीत सुरू केली होती. ती तशीच अर्धी पडली होती. जहानआराने आणि सतीउन्निसाने ती पुरी केली. १६३३ च्या फेब्रुवारीत दाराचं लग्न झालं. बत्तीस लाख रुपये खर्च आला, त्यातले सोळा लाख जहानआराने आईकडून आलेल्या संपत्तीतून घातले. भेटवस्तू मांडण्याची, नवरीच्या घरी नेण्याची व्यवस्था सतीउन्निसाकडे होती. महिन्याभरात शुजाचंही लग्न झालं, तिथेही तीच. ताजचे पाये तेव्हा भरले जात होते. इतिहासाची पुस्तकं त्या पायांविषयी पानंच्या पानं लिहितात. मला ते दोन लग्नांचे मांडव जास्त दिसतात. आई नसलेल्या घरात लग्न काढणं काय असतं ते ज्याने काढलं आहे त्याला विचारा. हळद कुणी कालवायची इथपासून प्रश्न असतो.

आणि आता बऱ्हाणपूरचीच एक गोष्ट, जी मुमताजच्या गोष्टीला लागून आहे आणि तरी कुणी जोडून सांगत नाही. शुजाची नवरी बिल्किस बानू, सफवी घराण्यातल्या रुस्तम मिर्झाची मुलगी. लग्नानंतर शुजा दख्खनच्या मोहिमेवर आला, परांड्याच्या वेढ्यात होता. बिल्किस बाळंतपणात गेली. तिची कबर बऱ्हाणपुरात आहे. खरबुजाच्या फाकांसारखा घुमट म्हणून लोक तिला खरबुजा महाल म्हणतात. लहान, देखणी, आतून रंगीत वेलबुट्टीने भरलेली. ज्या मुलाने पंधराव्या वर्षी आईची मय्यत या गावातून नेली, त्याला विशीच्या आत या गावात बायकोला त्याच कारणाने मातीआड करावं लागलं. तिला कुणी आग्र्याला नेलं नाही. ती आमच्याकडेच राहिली. ताजमहालाची जागा दाखवा म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी तिथे पाठवते.

सतीउन्निसा पुढे बरीच वर्षं जनानखान्याची मुख्य राहिली. जहानआरा बादशाह बेगम झाली आणि तिच्या हाताखाली कारभार हिचा. मग १६४७ आलं. दरबार लाहोरला होता. सतीउन्निसाने वाढवलेल्या दोन मुलींपैकी धाकटी बाळंतपणानंतरच्या दुखण्याने गेली. म्हातारीने अकरा दिवस तिच्या घरी शोक केला. बादशहाने समजूत घालून तिला महालात परत आणलं, आणि परत आल्यावर लगेचच ती गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणं, लग्नं, मयतं निस्तरलेल्या बाईला स्वतःच्या लेकीचं एक बाळंतपण झेपलं नाही. तिलाही आधी लाहोरला अमानत म्हणून ठेवलं आणि वर्षभराने आग्र्याला नेलं. शाहजहानने ताजच्या पश्चिमेला, प्रवेशचौकाबाहेर, तीस हजार रुपये खर्चून तिची कबर बांधली, देखभालीला एक गाव लावून दिलं. मैत्रिणीच्या दाराशी जागा मिळालेली ही बाई. ताज पाहायला जाणाऱ्या हजारोंतले किती त्या बाजूला मान वळवत असतील?

जैनाबादेत आता पडक्या भिंती आहेत, बारादरी आहे, गवत आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना याच बागेत हिराबाई नावाच्या बाईच्या प्रेमात पडला, मावशीकडे आला होता तेव्हा. तीही हकीकत लोक रंगवून सांगतात. आपाला यातलं काही नको असायचं. आम्ही दोघी राजघाटावरून पलीकडे जायचो तेव्हा ती फातिहा पढायची, मी पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची, आणि मग ती लगेच कामाचं बोलायला लागायची: अमक्या वस्तीतल्या पोरीचं रक्त कमी आहे, तिच्या सासूला उद्या गाठायला हवं.

रक्ताचं ते बोलणं अजून संपायचं आहे. २०१८ ते २० च्या सरकारी पाहणीत मध्य प्रदेशात एक लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या, देशाची सरासरी ९७ होती. शेजारच्या महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. बऱ्हाणपुरातून रावेरला जायला एसटी किंवा पॅसेंजर धरली की तासा-दीड तासात माणूस पोहोचतो. तीच तापी, तीच केळी, तीच बोली, आणि आकड्यांत एवढं अंतर. राज्याच्या सरासरीत आदिवासी पाड्यांपासून मोठ्या शहरांपर्यंत सगळं येतं हे मला कळतं. तरी अंगावर रक्त जाणाऱ्या बाईला गाडी मिळेपर्यंत आणि पिशवीभर रक्त मिळेपर्यंत किती वेळ जातो हे मी पाहिलेलं आहे, आणि या दोन आकड्यांमधलं पुष्कळसं अंतर त्या वेळेचंच आहे असं मी ठामपणे म्हणते.

आपाच्या धाकट्या मुलीला सातवा महिना लागला आहे. दर पंधरा दिवसांनी मी तिचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहते. तिच्या आईच्या वहीत ज्या खुणांनी लिहिलेलं असायचं त्याच खुणांनी मीही लिहिते, म्हणजे तिच्या भावांनाही वाचता येतं. आपाच्या मुलांशी बोलून एक ठरवलं आहे. येत्या १७ जूनला जैनाबादेत रक्तदान घ्यायचं. डॉक्टर आणि रक्तपेढीची माणसं यायला तयार आहेत, मांडव विणकर वस्तीतली मुलं घालतील, चहा-दराब्याचा खर्च माझा. बऱ्हाणपूरचे असाल, रावेर-सावद्याचे असाल, त्या दिवशी सकाळी राजघाटावर या, नदीपलीकडे न्यायला माणूस उभा असेल. उपाशीपोटी येऊ नका, नाश्ता करून या.